धोटा, कूपन आणि लाल पास

मुंबईच्या गिरणगावात एक काळ असा आला की पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खालच्या स्टीलच्या कपाटापेक्षा मोलाची ठरली. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची हे सरकारनं मान्य केलं, म्हाडानं अर्ज मागवले आणि सोबत पुराव्यांची यादी लावली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे कामगारानं, तो हयात नसेल तर वारसानं, सिद्ध करायचं होतं. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगारपावती, फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक. वीस-पंचवीस वर्षं ज्यांना कुणी हात लावला नव्हता ते कागद शोधायला सुना-नातवंडं माळ्यावर चढली. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज गेले. २८ जून २०१२ ला जी पहिली मोठी सोडत निघाली ती होती ६,९२५ घरांची. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर मोर्चे निघाले आहेत आणि अजून निघतात. त्यात इथे शिरत नाही.

माझं कुतूहल वेगळं आहे. हे कागद इतकी वर्षं सांभाळले कुणी? या पुस्तकासाठी संकलकांनी केलेली ध्वनिमुद्रणं ऐकताना एकच उत्तर फिरून फिरून कानावर येतं: आईनं, आजीनं. त्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. कुठला कागद कामाचा आणि कुठला रद्दीचा हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी एकही टाकला नाही. शिकलेल्या मुलांनी दिवाळीच्या साफसफाईत जे खुशाल फेकलं असतं, ते या बायकांनी डांबराच्या गोळ्या घालून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवलं. त्यांच्या अक्षरओळख नसण्यावर अनेक घरांचे अर्ज उभे राहिले, हे कुठल्याही सरकारी अहवालात येणार नाही.

म्हाडाच्या खिडकीवर चालणारे कागद वेगळे काढल्यावर ट्रंकेत जे उरलं, त्याचं हे पुस्तक आहे. मनीऑर्डरची कूपनं, खानावळीची वही, लाकडी धोटा, लालबागच्या स्टुडिओत पाठीमागे रंगवलेला बंगला लावून काढलेला फोटो, गावच्या मंडळाची वर्गणीची पावती, कुलूप नसलेली किल्ली. या वस्तू कुठलाच हक्क सिद्ध करत नाहीत. त्या कुणाच्या, कशा आल्या, का ठेवल्या, हे सांगणारं माणूस शेजारी बसलं तरच त्यांना वाचा फुटते. ते माणूस गेलं की धोटा म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा, आणि चाळ रिकामी करताना लाकडाचे तुकडे भंगारवालाही घेत नाही.

आता थोडं संकलनाच्या रीतीबद्दल, कारण या पुस्तकाची सगळी ताकद मला तिथे दिसते. 'तुमचा इतिहास सांगा' म्हटलं की गिरणी कामगार तुम्हाला आपल्या पुढाऱ्यांकडे, डांग्यांकडे नाहीतर डॉक्टर सामंतांकडे, पाठवतो. 'ते सगळं पुस्तकात आहे, आमचं काय सांगायचं?' उभा जन्म मुंबईत काढलेला माणूस स्वतःच्याच आयुष्याचा साक्षीदार म्हणून उभा राहायला तयार नसतो. आपण त्याला विनय म्हणतो. मला तो सवयीचा भाग वाटतो. व्यासपीठावर माईक होता, आणि हा माणूस कायम माईकच्या समोरच्या बाजूला, खाली बसलेला होता. म्हणून संकलकांनी प्रश्नावली बाजूला ठेवली. घरात जायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, 'जुनं काही ठेवलंय का?' वस्तू हातात आली की मग एकच प्रश्न: ही कुठून आली?

गंमत अशी की वस्तूची गोष्ट बहुतेक वेळा किमतीपासून सुरू होते. 'अठरा रुपयांना घेतला होता हा स्टोव्ह.' मग तो कुठे घेतला, पैसे कुणाकडून उसने आणले, ते फेडले की नाही, त्यावरून भावाशी बोलणं कसं तुटलं. किमतीवरून नात्यावर यायला दहा मिनिटं लागतात. नात्यावरून थेट सुरुवात केली असती तर तासाभरातही कुणी तोंड उघडलं नसतं. मौखिक इतिहासाच्या कार्यशाळांमधून पुष्कळ काही शिकवतात; स्टोव्हची किंमत विचारा, हे कुणीतरी शिकवायला हवं.

यातल्या दोन वस्तूंपाशी मी जास्त वेळ थांबणार आहे.

पहिली वस्तू धोटा. जड लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोपणं, मधे पोकळ पोट, त्यात सुताची कांडी बसते. एका कुशीला चिनीमातीची कड असलेलं इवलं भोक. लालबागच्या एका घरात तो देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलेला आहे. गिरणीतून तो बाहेर कसा आला हे विचारायचं नसतं. घरातले आजोबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, होते. साचेवाला म्हणजे गिरणीतला मानाचा गडी. सूत कातणाऱ्या त्रासनखात्यापेक्षा त्याचा पगार बरा, आणि लग्नाच्या बाजारात भावही बरा. मुलाखतीत ते धोटा तोंडापाशी नेतात आणि दाखवतात: कांडी संपली की नवी घालायची, सुताचं टोक भोकापाशी धरायचं, बाहेरून ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत भोकातून बाहेर येतं. सोबत तेलाची चव येते, कापसाची तूस येते. पाळीत किती वेळा, याचा हिशोब नाही. नात हसते, 'ई, आजोबा!' तेही हसतात. त्यांच्या आवाजात अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

समोरच्याच पानावर बीडीडी चाळीतलं एक घर येतं. तिथे धोटा नाही. तिथे त्रासनखात्यातल्या माणसाच्या मुलानं, बापाच्या फोटोखाली बसून, सांगितलेली गोष्ट आहे: आमच्या माणसांना साचेखात्यात का घेत नव्हते. कारण तेच भोक. ज्या धोट्याला अस्पृश्य कामगारानं ओठ लावले, त्याला सवर्ण विणकर ओठ कसे लावणार? तेव्हा बरा पगार असलेलं खातं दलितांना बंद. आत यंत्र विलायतेचं, वाफेवर आणि पुढे विजेवर चालणारं. आणि त्याच्यापाशी कुणी उभं राहायचं ते ठरवणारा नियम गावच्या पाणवठ्यावरचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला, आणि कामगार एकजुटीची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, हे इतिहासात नोंदलेलं आहे. या घराला ते पुस्तकातून कळलेलं नाही. बापानं मुलाला सांगितलं, त्याच्या बापानं त्याला.

साचेवाल्यांच्या घरात ही गोष्ट कुणी लपवली असं मला वाटत नाही. त्यांना ती सांगण्यासारखी वाटलीच नाही, आणि तेच जास्त बोलकं आहे. जपलेली वस्तू आपल्या घराशी इमानी असते. ती त्या घराला सोयीचं तेवढंच सांगते. म्हणून एका घराची आठवण गोळा करून भागत नाही, शेजारच्या गल्लीतही जावं लागतं. संकलकांनी ही दोन निवेदनं मधे एकही शब्द न घालता समोरासमोरच्या पानांवर ठेवली आहेत. संपादन म्हणतात ते हे.

दुसरी वस्तू मुंबईत नाहीच. ती राजापूर तालुक्यातल्या एका घरात, माजघरातल्या खुंटीला अडकवलेली आहे: तारेत ओवलेली मनीऑर्डरची कूपनं. हल्लीच्या मुलांसाठी सांगायला हवं. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी एक छोटा भाग असे. पैसे देताना पोस्टमन तो फाडून घेणाऱ्याच्या हातात ठेवी. पैसे संपून जात, कूपन राही. त्यावर मजकुरासाठी जेमतेम दोन बोटं जागा. नवऱ्यानं बायकोला लिहायचं, तेही पोस्टमन अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत वाचून दाखवणार हे ठाऊक असताना. तेव्हा या मजकुरात प्रेमाचा शब्द शोधू नये. 'कौलं शाकारून घेणे. तात्यांच्या औषधास वेगळे काढणे. गणपतीस येतो.' घरातल्या वृद्ध बाई मात्र यातली दोन कूपनं बोटानं वेगळी करून दाखवतात. त्यांना वाचता येत नाही. शाईच्या डागावरून ओळखतात. त्यावर काय लिहिलंय ते त्या सांगत नाहीत आणि संकलकांनीही वाचलं नाही. या पुस्तकात त्या दोन कूपनांचा फोटो नाही, याबद्दल मी संकलकांचा आभारी आहे.

तारेवरचा शेवटचा शिक्का जानेवारी १९८२ चा. १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे आपण वाचलेलं आहे. गिरण्यांचे भोंगे, सामंतांच्या सभा, सरकारचा ताठरपणा, राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या मान्यतेचा कायदेशीर तिढा, सगळं मुंबईच्या बाजूनं लिहिलं गेलं. गावाकडून पाहिलं तर संप म्हणजे पोस्टमन आपल्या दारावरून न थांबता पुढे जाऊ लागला तो महिना. मग उलटा प्रवास सुरू झाला. काही माणसं गावी परतली. जी मुंबईत राहिली त्यांच्यासाठी घाटावरून ज्वारी आणि कोकणातून तांदूळ निघाला. कोकण रेल्वे व्हायला अजून बरीच वर्षं होती. एसटीच्या टपावर चढवलेली गाठोडी, आणि ती मुंबई सेंट्रलला उतरवून घ्यायला आलेला, आजवर गावाला पैसे धाडणारा माणूस. वर्षानुवर्षं कमावत्याचा म्हणून जो ताठा होता त्याचं त्या गाठोड्यापाशी काय झालं, हे सांगणारी दोन निवेदनं इथे आहेत. दोन्ही बायकांची आहेत. पुरुषांनी त्या दिवसांबद्दल विचारल्यावर सामंतांबद्दल सांगितलं.

संपाच्याच संदर्भात वाचकाला एक विसंगती खटकेल, म्हणून आधीच सांगतो. संप कधी संपला, या प्रश्नाला इथे घरागणिक वेगळं उत्तर आहे. कुणी १९८३ म्हणतं, कुणी ८४, एक जण ठामपणे म्हणतो, 'संपला कुठे?' तळटीप देऊन हे सगळं एका तारखेवर आणावं असं एखाद्या काटेकोर अभ्यासकाला वाटेल. पण हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. तेव्हा ज्या दिवशी आपला माणूस पुन्हा गेटमधून आत गेला, किंवा आत घेत नाहीत हे कळून त्यानं भाजीची गाडी लावली, त्या दिवशी त्या घरापुरता संप संपला. इथे चूक कुणाचीच नाही.

जिथे खरोखरच चूक असते तिथेही घाई करू नये. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचं याबाबतीतलं काम प्रसिद्ध आहे. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ च्या मार्चमध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडला. नाटो कराराविरुद्धची निदर्शनं होती. पुढे पोर्तेल्ली गावातल्या माणसांना विचारत गेला, तर अनेकांच्या आठवणीत ही घटना १९५३ ची होती, मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातली. कागद काढून त्यांना खोटं पाडणं सोपं होतं. त्यानं विचार केला तो असा की एवढ्या माणसांनी मिळून हा मृत्यू चार वर्षं पुढे का सरकवला. आपला सोबती नोकऱ्यांच्या लढाईत पडला, असं त्यांना हवं होतं. तारीख चुकली, त्या चुकीतून गावाची जखम कुठे आहे ते कळलं. आपल्याकडे बापाचा पगार, गिरणीतली वर्षं, पुढाऱ्याशी झालेली भेट, सगळं थोडं थोडं सरकलेलं असतं. ते जसं सांगितलं तसं टिपावं. शेजारी कागद असेल तर कागदही छापावा. भांडू द्यावं त्यांना.

मराठीत हे काम नवं नाही, आणि जुन्यांची आठवण न काढता प्रस्तावना पुरी करणं बरं दिसणार नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी दफ्तरं धुंडाळत गावोगाव पायपीट केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडानं आणली. पण दफ्तर असायला वाडा लागतो, कारकून लागतो. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांचं साधन जिभेवर होतं. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आलं. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या, पण कुठल्याच चरित्रात नावानिशी नसलेल्या बायकांना या दोघींनी घरोघर जाऊन शोधलं. आणि खुद्द गिरणगावावर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केलेलं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे २००४ मधलं पुस्तक आहे. प्रस्तुत संग्रह त्याच्याच वाटेवरचा. फरक इतकाच की तिथे माणसं चळवळीबद्दल बोलतात आणि इथे ट्रंकेबद्दल.

ट्रंकेबद्दल बोलण्यात एक खोट आहे, तीही सांगून टाकतो. ज्यांच्याकडे ठेवायला काही उरलं त्यांचीच गोष्ट वस्तूंच्या पुस्तकात येते. खानावळी चालवणाऱ्या बायकांचंच पाहा. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या, एका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या पुरुषांना दोन वेळचं जेवण घालून गिरणधंदा ज्यांनी पोसला, त्यांच्या हातात शेवटी काय राहिलं? भांडी मोडीत गेली, स्टोव्ह गेले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा कुठे त्यांची नावं एखाद्या वहीत आली. संपात कामगारांचा पगार थांबला तसे या बायकांचे महिन्याचे पैसेही थांबले. पण संपकऱ्यांच्या कुठल्याही यादीत त्या नव्हत्या. म्हाडाच्या यादीत तर त्यांचा प्रश्नच येत नाही. त्यांना तिकीट नंबर नव्हता. या संग्रहात खानावळीची एक वही आहे, आणि तीही एका जेवणाऱ्यानं ठेवलेली. बाईंच्या बाजूचा हिशोब तोंडपाठ होता. कुणाचे किती राहिले ते त्यांच्या मुलीनं आठवून सांगितलं आहे. नावं छापलेली नाहीत. काही उधाऱ्या अजून फिटायच्या आहेत.

भाषेबाबत एक चांगला निर्णय झाला आहे. मालवणी बोलणाऱ्याची मालवणी आणि साताऱ्याकडच्या माणसाचं 'व्हय-न्हाई' तसंच ठेवलं आहे. वाचकाला पहिली काही पानं अडखळायला होईल. हरकत नाही. प्रमाण मराठीत आणलेलं निवेदन चटकन वाचून होतं, पण त्यात सगळी माणसं एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलतात.

आजच हे काम का, याचं उत्तर नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावर जाऊन पाहावं. शंभरीला टेकलेल्या बीडीडी चाळी उतरताहेत, त्या जागी टॉवर येताहेत. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत जाणाऱ्या कुटुंबाच्या आनंदावर कुणी गळा काढू नये. दमट खोली आणि सामायिक संडास यांच्याबद्दल हळवं व्हायला तिथे न राहिलेला माणूस लागतो. पण सामान हलवताना निवड करावी लागते, आणि नव्या घरात पोटमाळा नसतो. जे काय विचारायचं ते ट्रंक खाली उतरते त्या दिवशी विचारायला हवं. खिशातला फोन पुरतो. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव आवाजातच घ्यावं, पंखा बंद करावा, आणि माणूस थांबला तर आपण लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. फोटोच्या दोन्ही बाजू टिपाव्यात. मागच्या बाजूला बहुधा स्टुडिओचा शिक्का असतो आणि कधी कधी कुणाच्या तरी हातचं एक नाव. नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, मागे, कडेला.

मूळ वस्तू संकलकांनी कुणाकडूनही घेतल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संग्रहालयात गेलेला धोटा कापड उद्योगाचा नमुना होतो; देव्हाऱ्याखालचा धोटा आजोबांचा राहतो. फोटो काढून, आवाज टिपून, दोन्हीची एकेक प्रत त्या त्या घराला देऊन ही मंडळी परत आली. निघताना प्रत्येक घरी एकच विनंती केली: कागदांना लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिकच्या दोन थरांत तापवून चिकटवलेला जुना कागद पुन्हा सुटा होत नाही आणि आतल्या आत पिवळा पडतो. बहुतेकांनी ऐकलं. पण ज्यांनी म्हाडाच्या खिडकीवर एकदा 'मूळ प्रत दाखवा' हे ऐकलं होतं त्यांना राहवेना, आणि पुढच्या भेटीत लाल पास प्लॅस्टिकमध्ये चकचकीत होऊन समोर आला. या पुस्तकातल्या काही छायाचित्रांवर फ्लॅशचा पांढरा ठिपका दिसतो तो त्यामुळे.